एका मिलिमीटरची चूक

मी बी.कॉम. झालो तेव्हा आमच्या वस्तीत लोक मला "हिशेबवाला" म्हणू लागले. लग्नाच्या पंगतीचा खर्च असो, विहाराच्या वर्गणीची वही असो, रेशन दुकानाविरुद्धचा तक्रार अर्ज असो, आकडा आला की माणूस माझ्या दारात. पुढे एका कार्यालयात लिपिक म्हणून लागलो आणि हे नाव कायमचे चिकटले. मलाही त्याचा अभिमान होता. माझ्या वहीत खाडाखोड नसे. बेरीज आडवी-उभी जुळे. साहेब लोक म्हणत, याचे रजिस्टर पाहावे.

२०१२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. एका संस्थेने केळापूर तालुक्यातील काही कोलाम पोडांवर लहान मुलांची पाहणी करायचे ठरवले. पांढरकवड्यात राहणार्‍याला पोड म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पोड म्हणजे कोलामांची लहानशी वस्ती, बहुधा गावापासून दूर, जंगलाच्या किंवा टेकडीच्या कडेला. आम्ही चार-पाच कार्यकर्ते रविवारी जात असू. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डाव्या दंडाचा घेर मोजायचा होता. त्यासाठी रंगीत पट्टी असते. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळायची. साडेबारा सेंटिमीटर व त्यावर हिरवा, साडेअकरा ते साडेबाराच्या आत पिवळा आणि साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषित, त्या मुलाला तातडीने उपचार. इतकी साधी गोष्ट.

माझ्याबरोबर बारावी शिकणारा एक मुलगा होता. तो मोजायचा आणि कच्च्या वहीत लिहायचा. मी घरी आणून पक्की वही तयार करायचो. तिन्ही पोडांची मिळून साठेक मुले झाली. वही अशी सुबक झाली की मीच तिच्याकडे पाहत बसलो.

ती वही घेऊन आम्ही एका वयस्कर डॉक्टरांकडे गेलो. निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी चष्मा वर केला, बोटाने एक-एक ओळ खाली नेली, आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या पोडातली पोरं मोठी शिस्तीची दिसतात. सगळी पाचावर नाही तर शून्यावरच वाढून राहिली."

मला समजलेच नाही. मग त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या. साठातल्या चाळिसेक आकड्यांचा शेवट ५ किंवा ० ने होत होता. दशांशाच्या जागी शून्यापासून नवापर्यंत दहा अंक येऊ शकतात. मोजणी प्रामाणिक असेल तर प्रत्येकाची पाळी साधारण सारखी येते, म्हणजे पाच आणि शून्य मिळून बारा-पंधरा ओळी फार झाल्या. लेकरांच्या दंडाला आपण पाचाच्या पाढ्यात वाढावे असे कोणी शिकवलेले नसते. मग हे पाच आणि शून्य आणले कोणी?

मी आणले होते. कार्यालयात आम्ही पन्नास पैशांवर असले की रुपया धरतो. वर्षानुवर्षे हात त्यालाच सरावलेला. कच्च्या वहीत ११.४ होते, मी ११.५ केले. १२.७ चे १२.५ केले. मला वाटले एखाद्या मिलिमीटरने काय होते? आकडा नीटनेटका दिसतो.

डॉक्टरांनी पुढे एकच विचारले, "अकरा पॉइंट चार म्हणजे कोणता रंग?"

त्या संध्याकाळी कच्ची आणि पक्की वही शेजारी ठेवून आम्ही ओळ न् ओळ ताडली. दोन मुले लाल पट्ट्यातून काढून मी पिवळ्यात नेऊन बसवली होती. स्वतःच्या सुंदर अक्षरात.

त्या मुलांचे पुढे सांगेन. आधी ज्या माणसाबद्दल लिहायला बसलो त्याच्याकडे वळतो. डॉक्टरांनी निघताना सांगितले होते, "आकड्यांचा शौक आहे ना? मग सुखात्मे वाचा."

सुखात्मे हे नाव मी ऐकले होते, पण पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर. आमचा एक मित्र अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकला. त्याच्या ट्रंकेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होते, त्याला सगळे विद्यार्थी "पानसे-सुखात्मे" असेच म्हणत. शेतीच्या प्रयोगांचे संख्याशास्त्र सांगणारे हे पुस्तक १९५४ साली निघाले. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्याचे लेखक. मित्राने ते पास होण्यापुरते वाचले. मी ते रविवारी थोडे-थोडे वाचले आणि अर्ध्याहून अधिक मला कळले नाही, हे कबूल करतो. बी.कॉम.ला आम्ही मध्य, मध्यगा, बहुलक आणि प्रमाण विचलन पाठ केले होते. पण त्या सूत्रांचा आणि माणसाच्या पोटाचा काही संबंध असतो, हे त्या तीन वर्षांत कोणी सांगितले नाही.

डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. त्या काळी संख्याशास्त्राची ती काशीच होती. नेमन, ई. एस. पिअर्सन, फिशर ही त्या शास्त्राची मोठमोठी माणसे तिथे एका आवारात होती. आपसात त्यांचे कडाक्याचे मतभेदही होते. सुखात्मे १९३६ साली पीएच.डी. झाले आणि १९३९ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. लंडनची डी.एस्सी. म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो, १९२३ सालचा. मलाही तोच आला, आणि का कोण जाणे, हा गणिती माणूस त्यामुळे एकदम जवळचा वाटला.

परत आल्यावर काही काळ त्यांनी कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेत काम केले आणि १९४० साली दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत आले. तिथे ते १९५१ पर्यंत होते. परिषदेतील संख्याशास्त्राची त्यांनी वाढवलेली ही शाखा म्हणजेच आजच्या भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेचे मूळ.

आता या काळातले त्यांचे काम आपल्याकडच्या शेतकर्‍याला चटकन कळेल असे आहे. पूर्वी देशात पीक किती आले हे ठरवायचे कसे? पेरलेले क्षेत्र गुणिले नेहमीचा उतारा गुणिले आणेवारी. सोळा आणे पीक म्हणजे भरपूर, आठ आणे म्हणजे निम्मे. आणि आणेवारी कोण लावणार, तर गावचा पटवारी, बांधावर उभा राहून, नजरेने. त्या नजरेवर शेतसार्‍याची सूट अवलंबून असे आणि देशाला धान्य किती कमी पडेल हेही त्यावरच. १९४३ साली बंगालात लाखो माणसे भुकेने मेली. त्या दुष्काळाची कारणे पुष्कळ होती, पण कोठारात धान्य नेमके किती आहे हे सरकारला धडपणे सांगता येत नव्हते, ही गोष्ट खरीच होती.

सुखात्मे आणि त्यांचे सहकारी म्हणाले, नजर नको, कापणी करा. गावे चिठ्ठी टाकून निवडा, गावातली शेते तशीच निवडा, शेतातली जागाही तशीच निवडा. तिथे दोरीने चौकोन आखा, आतले पीक कापा, मळा, तोला. आजही विमा मिळेल की नाही हे ज्या पीक कापणी प्रयोगावर ठरते आणि ज्याच्यावरून आपल्या गावात दरवर्षी भांडणे होतात, त्याचे मूळ हे आहे. कापसाच्या उतार्‍याची अशी पाहणी पानसे यांच्या पुढाकाराने आपल्या वर्‍हाडात, अकोला जिल्ह्यात, १९४० नंतरच्या पहिल्या वर्षांतच झाली. कापसाचे काम गव्हापेक्षा किचकट. गहू एकदाच कापला जातो, कापसाच्या वेचण्या तीन-चार होतात. पहिल्या वेचणीवर अंदाज बांधला तर फसलात. हे आमच्या आईला कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत होते.

चौकोन केवढा असावा यावर मोठा वाद झाला. समोर प्रा. महालनोबिस यांच्यासारखा दिग्गज. बंगालमध्ये त्यांनी लहान वर्तुळाकार तुकडे कापून पाहण्या केल्या होत्या. लहान तुकड्याला कष्ट कमी आणि पुष्कळ तुकडे कापता येतात, हा त्यांचा हिशेब. सुखात्मे यांनी दाखवले की तुकडा फार लहान असला की उतारा हमखास जास्त येतो. कारण काय? रेषेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की मोजणार्‍याचा हात त्याला नकळत आत ओढतो. मोठ्या चौकोनात काठावरची रोपे आतल्यांच्या मानाने थोडी असतात, म्हणून चूक झाकली जाते. लहान वर्तुळात काठच सगळा. १९४६ साली "नेचर" या इंग्लंडच्या नामांकित नियतकालिकात त्यांनी हे मांडले. त्यांच्या पसंतीचा तुकडा तेहेतीस फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे एकराचा ऐंशीवा हिस्सा.

मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटले आणि बराच वेळ अंगणात जाऊन बसलो. काठावरचे रोप आत ओढणारा तो हात आणि ११.४ चे ११.५ करणारा हात, यात फरक काय? त्या कापणार्‍याच्या मनात लबाडी नव्हती. माझ्याही नव्हती. लबाडी पकडता येते. ही चूक पकडायला माणूस लागतो, जो आकड्यांच्या बाजूने नाही तर आकडा ज्याचा आहे त्याच्या बाजूने उभा राहील.

१९५१-५२ च्या सुमारास सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला गेले आणि १९७० पर्यंत तिच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. इथून त्यांचा विषय शेतातून निघून माणसाच्या शरीरात शिरला. हुद्द्याने शेतीचे संख्याशास्त्रज्ञ, पण उरलेले सगळे आयुष्य त्यांनी भूक मोजण्यात घालवले. जगातल्या किती माणसांना पोटभर मिळत नाही? दुसर्‍या महायुद्धानंतर मोठमोठे लोक म्हणत, दोन-तृतीयांश जग उपाशी आहे. सुखात्मे यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे हिशेब मांडला : पोटाला पुरेसेच अन्न नाही अशी माणसे शंभरात दहा ते पंधरा, आणि ज्यांच्या आहारात कसली ना कसली उणीव आहे ते धरले तर निम्म्यापर्यंत. काहींना वाटले हा माणूस भूक कमी करून दाखवतो. पण दहा-पंधरा टक्के म्हणजे तेव्हाच्या जगात तीस-चाळीस कोटी माणसे! खरा आकडा पुरेसा भयंकर असताना तो फुगवायचा कशाला? फुगवलेला आकडा पुढे कोणीतरी फोडतो, आणि त्याबरोबर खरी भूकही खोटी ठरते. आम्हा कार्यकर्त्यांना ही सवय फार आहे. मोर्च्याला दोनशे आले तर आम्ही प्रेसनोटमध्ये हजार लिहितो.

मग प्रथिनांचे प्रकरण झाले. १९६० च्या दशकात जगभर हाकाटी होती की गरीब देशांत प्रथिनांचा तुटवडा आहे, तोच कुपोषणाचे मूळ आहे. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर अहवालच काढला. माशांची पूड करा, तेलावर वाढवलेल्या जंतूंपासून प्रथिने करा, गरिबांच्या पिठात ती मिसळा, अशा योजना निघाल्या. यात कंपन्यांना काय दिसले असेल ते वाचकांनी ओळखावे. सुखात्मे यांनी भारतातल्या आहाराचे आकडे तपासून म्हटले, थांबा. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण पोटभर खाणार्‍याला प्रथिने सहसा कमी पडत नाहीत. ती कमी पडतात, कारण भाकरीच कमी पडते. शरीराला आधी सरपण लागते. घरात सरपण नसले की माणूस दाराची फळीही चुलीत घालतो. तसे अन्न अपुरे असले की शरीर प्रथिनेच जाळून टाकते. वरून प्रथिनांची पूड दिली तरी तीही जळते. महागडे सरपण, एवढेच.

हे सांगणारे ते एकटे नव्हते, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. गोपालन यांचेही काम त्याच दिशेने होते. १९७३ साली अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने माणसाची प्रथिनांची गरज पूर्वीपेक्षा कमी ठरवली, आणि १९७४ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय पत्रिकेत मॅक्लॅरेन यांनी या सगळ्या प्रकरणाला महाफजिती म्हणून टाकले. आज टीव्हीवर डबेवाली प्रथिनांची जाहिरात लागते तेव्हा मला हे आठवते आणि मी घरच्यांना ऐकवतो. घरचे कंटाळले आहेत.

इथपर्यंत मी सुखात्मे यांचा भक्त होतो. पुढे मात्र माझे पाऊल अडखळले, तेही लिहिले पाहिजे.

निवृत्तीनंतर ते पुण्याला आले. १९७१ साली पद्मभूषण मिळाले होते. त्याच साली दांडेकर आणि रथ यांचा "भारतातील दारिद्र्य" हा गाजलेला अभ्यास निघाला. दिवसाला २,२५० उष्मांक मिळण्याइतका ज्यांचा खर्च नाही ते गरीब, असे धरून त्यांनी खेड्यांतले ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक दारिद्र्यात असल्याचे सांगितले. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. सरासरी गरज ही सरासरी आहे. धडधाकट माणसांतही निम्म्यांची गरज तिच्याखाली असणारच. उंची, वजन, काम सगळ्यांचे एक नसते. सरासरीखाली असलेल्या सगळ्यांना उपाशी म्हणणे म्हणजे सरासरी उंचीखालच्या सगळ्यांना बुटके म्हणणे. म्हणून रेघ सरासरीवर नको, तिच्याखाली दोन प्रमाण विचलनांवर ओढा. हे मला पटते. बी.कॉम.च्या मुलालाही पटावे.

पण त्यांनी अमेरिकेतील मार्गेन यांच्याबरोबर पुढचे पाऊल टाकले. एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते, शरीर आपली काटकसर आपणच करते, कमी मिळाले तर कमीत भागवते, एका मर्यादेपर्यंत त्याला इजा होत नाही, असे ते मत. आता उपाश्यांची संख्या आणखी घटली. दांडेकरांनी जोरदार विरोध केला. गोपालनही विरोधात गेले. प्रथिनांच्या बाबतीत ज्यांचे मत जुळले तेच दोघे इथे आमनेसामने. लहान चणीचे पण निरोगी, असे गरिबांबद्दल म्हणण्याची अमेरिकेतून तेव्हा फॅशनच निघाली होती. गोपालन यांनी विचारले, हे लहानपण गरिबांनाच का निरोगी, श्रीमंतांच्या पोरांना का नाही?

मी पुस्तकी माणूस नाही. मी माझ्या आईवरून पाहतो. ती कापूस वेचायला जायची, मजुरी किलोवर. घरी सगळ्यांचे झाल्यावर जेवायची. टोपल्यात काय उरले ते आम्ही कधी पाहिले नाही. विचारले तर म्हणायची, "मले भूकच नाही लागत बापू, सवय झाली." तिच्या शरीराने काटकसर केली, हे शास्त्र म्हणते ते खरेच असेल. पण ती काटकसर कशातून केली? तिची वेचणी शेजारणीपेक्षा चार किलो कमी भरायची, म्हणजे मजुरी कमी, म्हणजे टोपल्यात आणखी कमी. थंडीत तिचे हात गार पडलेले असायचे. चाळिशीतच ती म्हातारी दिसू लागली. शरीर कमीत भागवते, पण ते फुकट भागवत नाही. शिवाय पाहणीवाले विचारतात घरच्या कर्त्याला, घरात ज्वारी महिन्याला किती लागते. मग भागिले माणसे. त्या भागाकारात आईच्या वाट्याला जे आले, ते तिच्या ताटात कधी आले नव्हते.

सुखात्मे यांच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. गरिबांना कमी पुरते म्हणून रेशन कापा, असे म्हणणारा तो माणूस नव्हता. उतारवयात त्यांचा भर होता स्वच्छ पाण्यावर आणि स्वच्छतेवर. पोटात गेलेले अन्न हगवणीने वाहून जात असेल तर नुसते धान्य ओतून उपयोग नाही, हा त्यांचा मुद्दा पोडावर गेलेला कोणीही नाकारणार नाही. पावसाळ्यात नाल्याचे पाणी पिणारे मूल आठवड्यात किती उतरते, ते मी पट्टीने पाहिले आहे. पण विद्वानाचे वाक्य कचेरीत पोचेपर्यंत त्याचे काय होते, तेही मी लिपिक म्हणून पाहिले आहे. त्याच्या अटी, मर्यादा, "एका मर्यादेपर्यंत" हे शब्द वाटेत गळतात आणि टेबलावर एवढेच येते की या लोकांना सवय असते. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे, चहा पिता-पिता.

२८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात डॉ. सुखात्मे गेले. इंग्लंडच्या सोसायटीने १९६३ साली त्यांना गाय पदकाचे रौप्य दिले होते. भारत सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाचा एक राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या नावाने आहे. आपल्या वस्तीतली मुले बी.कॉम., बी.एस्सी. होतात आणि स्पर्धा परीक्षेच्या रांगेत लागतात. संख्याशास्त्र घेऊन दवाखान्याच्या, रोगराईच्या, आहाराच्या आकड्यांत शिरणारा त्यांच्यात मला अजून एकही भेटला नाही. आमच्या अभ्यासवर्गात एक मुलगी आहे, तिला सांगून पाहतो आहे. ती म्हणते, "काका, त्यात नोकरी आहे का?" मी म्हणतो आहे, पण कुठे ते मला नीट सांगता येत नाही.

तर ती दोन मुले.

पुढच्या रविवारची वाट न पाहता आम्ही दुसर्‍याच दिवशी मी रजा टाकून पोडावर गेलो. पहिली मुलगी दीड वर्षाची. आजीने तिला पुढे केले. पुन्हा पट्टी लावली, या वेळी मीच, आणि त्या बारावीच्या मुलाला वाचायला सांगितले. अकरा पॉइंट चार. आजी विचारत होती, "परत काऊन मोजता बाबू? त्या दिवशी तर लिवलं होतं ना?" मी म्हटले, "आजी, मी चुकीचं लिवलं होतं." तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग म्हणाली, "आता बराबर लिव." मुलीला दवाखान्यात भरती केले, अठरा-वीस दिवस राहिली. आज ती शाळेत जाते.

दुसरा मुलगा दोन वर्षांचा होता. त्याच्या झोपडीच्या दाराला आडवा बांबू लावलेला. शेजारी म्हणाले, आई-बाप पैनगंगेपलीकडे गेले, आदिलाबादकडे सोयर्‍यांच्या गावी, कामाला. गावाचे नाव कोणी एक सांगे, कोणी दुसरे. आम्ही निरोप धाडले. दिवाळीनंतर एकदा गेलो, उन्हाळ्यात एकदा गेलो. ते कुटुंब त्या पोडावर परत आलेच नाही.

पक्की वही माझ्याकडे आहे. त्याच्या ओळीतला ११.५ मी लाल शाईने खोडून ११.३ केला, कच्च्या वहीत होता तसा. शेवटच्या रकान्याचे नाव "शेरा" आहे. बाकी सगळ्यांपुढे काही ना काही लिहिलेले आहे.